जुन्या विनोदाचा न्याय : ब्राझीलचा ‘दोना फ्लोर’ (१९७६) कसा पाहावा?



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे मानव्यविद्येचा एक ऐच्छिक विषय असतो आणि त्यात ‘चित्रपट हे इतिहासाचे साधन’ असा एक घटक आहे. त्या घटकासाठी मी दरवर्षी एक जुना ब्राझिलियन चित्रपट निवडतो. एका वर्षी त्याची कथा सांगत असताना वर्ग खळखळून हसत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तो तिला मारतो म्हणालात. मग आपण हसतोय कशाला?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. हा पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

जुना चावट विनोदी चित्रपट पाहिल्यावर सहसा दोन प्रतिक्रिया येतात. पहिली : “त्या काळी तसेच होते, आपण कोण बोलणार?” दुसरी : “आजच्या दृष्टीने हे चालणार नाही, बाद करा.” दोन्हींमध्ये आपले कष्ट वाचतात, कारण दोन्हींमध्ये काळाची माहिती करून घ्यावी लागत नाही. प्रयोगशाळेत मापन करण्याआधी उपकरणाची शून्य त्रुटी तपासायची असते, हे विज्ञान शाखेच्या मुलांना माहीत आहे. इथेही आधी आपली मोजपट्टी तपासायची आणि मग मोजायचे.

१. कथा

चित्रपटाचे नाव ‘दोना फ्लोर ई सेउस दोइस मारिदोस’, म्हणजे ‘दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे’. ‘दोना’ हा पोर्तुगीज भाषेतला बाईसाहेबांसाठीचा आदरार्थी शब्द. गोव्यातल्या ‘दोना पावला’ या नावात तो आपल्या ओळखीचा आहे. झोर्जी आमादू यांची याच नावाची कादंबरी १९६६ मध्ये आली आणि ब्रुनो बारेतो या अगदी तरुण दिग्दर्शकाने १९७६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. तेव्हा त्याने जेमतेम विशी गाठली होती. फ्लोरची भूमिका सोनिया ब्रागा, पहिल्या नवऱ्याची झोझे विल्केर आणि दुसऱ्याची माउरो मेंदोन्सा यांनी केली.

कथा १९४३ मधल्या साल्वादोर शहरात घडते. हे बाहिया प्रांतातले जुने बंदर. कार्निव्हलच्या रविवारी सकाळी वादिन्यो नावाचा रंगेल माणूस बाईच्या वेशात नाचता नाचता रस्त्यात कोसळतो आणि मरतो. त्याची बायको फ्लोर स्वयंपाकाचे वर्ग चालवून घर चालवत असते. वादिन्यो जुगारी, बाहेरख्याली, पण बोलण्यात आणि शय्येत असा की फ्लोर त्याला विसरू शकत नाही. तो तिने साठवलेले पैसे जुगारासाठी मागतो, ती देत नाही, तेव्हा तिच्यावर हात उचलतो आणि पैसे घेऊन जातो.

विधवा झाल्यावर काही काळाने ती तेओदोरो या औषधविक्रेत्याशी लग्न करते. हा सज्जन, वक्तशीर, बासून नावाचे सुषिरवाद्य वाजवणारा आणि संसारातली प्रत्येक गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे करणारा. शरीरसंबंधही त्याच शिस्तीत. फ्लोरला सन्मान मिळतो, सुरक्षितता मिळते, पण मन कुठेतरी रिकामे राहते. मग एके रात्री वादिन्योचे भूत तिच्या पलंगावर हजर होते. ते पूर्ण नग्न असते आणि तिच्याशिवाय कोणाला दिसत नाही. आधी ती त्याला घालवू पाहते, मग तिला ते जमत नाही आणि शेवटी ती ते करतही नाही. अखेरच्या दृश्यात चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रतिष्ठित गर्दीत फ्लोर चालते आहे. एका बाजूला सुटाबुटातला तेओदोरो, दुसऱ्या बाजूला नागडा वादिन्यो, आणि ती समाधानी.

हा चित्रपट ब्राझीलमध्ये एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. १९८० च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ११.९ कोटी होती, यावरून हा आकडा किती मोठा ते लक्षात येईल. ब्राझिलियन चित्रपटांमधला हा विक्रम थेट २०१० पर्यंत टिकला. इतक्या माणसांना जो विनोद आवडला, तो इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुर्लक्षून चालणार नाही.

२. ज्या बाजारात हा चित्रपट आला

१९३० ते १९५० च्या दशकांत ब्राझीलमध्ये ‘शांशादा’ नावाचे हलकेफुलके संगीतमय विनोदी चित्रपट लोकप्रिय होते. रिओ दि जानेरोमधल्या, १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आत्लांतिदा कंपनीने त्यांची मोठी निर्मिती केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या परंपरेला कामुकतेची जोड मिळाली आणि ‘पोर्नोशांशादा’ हे नाव रूढ झाले. नाव भडक असले तरी हे अश्लील चित्रपट नव्हेत. नावात आणि पोस्टरवर जितके सूचित केलेले असे, त्याच्या अर्धेही पडद्यावर नसे. रेजिनाल्दो फारिया यांचा ‘ओस पाकेरास’ (१९६९) हा या प्रकाराच्या सुरुवातीच्या चित्रपटांत मोडतो. साओ पावलो शहरातली ‘बोका दो लिशो’, शब्दशः ‘कचऱ्याचे तोंड’, ही वस्ती या निर्मितीचे एक मुख्य केंद्र होती.

हे चित्रपट इतक्या संख्येने का निघाले? एक कारण साधे आर्थिक आहे. वर्षातले ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवणे थिएटरांना कायद्याने बंधनकारक होते. १९७५ मध्ये हे दिवस ११२ होते, १९८० पर्यंत १४० झाले. एवढे दिवस भरायला स्वस्त, झटपट आणि हमखास चालणारा माल लागतो. तो या प्रकाराने पुरवला.

‘दोना फ्लोर’ या गर्दीतला सरळ चित्रपट नाही. त्याला नामवंत कादंबरीचा आधार होता, मोठा निर्माता होता आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्राफिल्मे’ या सरकारी कंपनीने त्याचे वितरण केले. पण प्रेक्षक तोच होता, आणि चावट विनोदाची चव त्याला याच बाजारात लागलेली होती. म्हणून दोघांची तुलना उपयोगी पडते.

३. चार तारखा

कोणताही ऐतिहासिक चित्रपट पाहताना किमान तीन काळ वेगळे करायचे : कथेचा, निर्मितीचा आणि आपला. इथे कादंबरीमुळे चार आहेत. प्रत्येकाची नीतीची कल्पना निराळी.

*१९४३.* या वर्षी ब्राझीलमध्ये १९१६ ची नागरी संहिता लागू होती. तिच्यानुसार नवरा हा कुटुंबप्रमुख. विवाहित स्त्री काही व्यवहारांपुरती कायद्याने अपुऱ्या क्षमतेची मानली जाई आणि तिला व्यवसाय करायचा तर नवऱ्याची परवानगी लागे. ही स्थिती १९६२ च्या कायद्याने बदलली. आता पैसे हिसकावण्याचा प्रसंग पुन्हा आठवा. फ्लोर कमावते, वादिन्यो उडवतो, आणि कायद्याच्या दृष्टीने घरचा कर्ता तोच. त्याचे जुगाराचे अड्डेही बेकायदा नव्हते. ब्राझीलमध्ये कॅसिनोंवर बंदी आली ती १९४६ मध्ये. म्हणजे आज आपल्याला जो माणूस सरळ गुन्हेगार वाटतो, त्याच्या बाजूने तेव्हा बरीचशी व्यवस्था उभी होती.

*१९६६.* लष्कराने १९६४ मध्ये सत्ता घेतली होती. आमादू एकेकाळचे कम्युनिस्ट खासदार. या कादंबरीत त्यांनी थेट राजकारण न आणता बाहियाचे गल्लीबोळ, स्वयंपाक, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा धर्म आणि शेजारणींच्या गप्पा आणल्या. प्रतिष्ठितांच्या नाकावर टिच्चून जगणारी साधी माणसे हा त्यांचा आवडता विषय.

*१९७६.* ही तारीख सर्वांत महत्त्वाची. डिसेंबर १९६८ मध्ये निघालेल्या पाचव्या संस्थात्मक हुकुमाने नागरी स्वातंत्र्य जवळपास संपवले होते. जानेवारी १९७० च्या एका हुकुमाने नीतीला बाधक प्रकाशनांवर पूर्वतपासणी लादली. त्या हुकुमाच्या प्रस्तावनेत कामुक प्रकाशनांचा संबंध देशविघातक कटाशी आणि राष्ट्रीय सुरक्षेशी जोडलेला होता. म्हणजे उघडी मांडी ही राज्याच्या सुरक्षेची बाब. याच राजवटीच्या कोठडीत ऑक्टोबर १९७५ मध्ये व्लादिमीर हेर्झोग या पत्रकाराचा छळाने मृत्यू झाला आणि लष्कराने ती आत्महत्या असल्याचे भासवले. ‘त्या काळची नीती’ असे म्हणताना नीतीचे रक्षक कोण होते, हे आधी पाहा.

दुसरी गोष्ट घटस्फोटाची. चित्रपट नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ब्राझीलमध्ये घटस्फोट नव्हता. विवाह मोडता येत नाही, असे खुद्द राज्यघटनेत लिहिलेले होते. नवरा-बायकोला कायद्याने विभक्त होता येई, पण पुन्हा लग्न करता येत नसे. १९७७ मध्ये घटनादुरुस्ती आणि कायदा झाला, तोही सुरुवातीला आयुष्यात एकदाच घटस्फोट देणारा. आता कथानकाची रचना पाहा. वाईट नवऱ्यातून सुटायचा एकच कायदेशीर दरवाजा, तो म्हणजे त्याचा मृत्यू. लेखक तो दरवाजा उघडतो आणि मग मेलेल्या नवऱ्यालाच त्याच दारातून परत आणतो. थिएटरात बसलेल्या अनेक बायकांना हा विनोद आपल्यापेक्षा जास्त कळला असणार.

*आज.* आपली मोजपट्टीही स्थिर नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा ब्राझीलचा ‘मारिया दा पेन्या’ कायदा २००६ चा आहे. आपल्या देशातला तशाच विषयावरचा कायदा २००५ चा. म्हणजे ज्या स्पष्टतेने माझ्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, ती स्पष्टता कायद्यात यायला दोन्ही देशांत एकविसावे शतक उजाडावे लागले.

४. विनोदाची तपासणी

आता विनोद तपासू. सगळा चित्रपट एकदम हसण्याजोगा किंवा एकदम निंदनीय ठरवू नका. एकेक विनोद सुटा करा आणि विचारा : कोण हसते आहे, कोणाला हसते आहे, आणि ज्याला हसले जाते त्याच्याकडे सत्ता आहे की नाही?

पहिला विनोद तेओदोरोच्या वेळापत्रकाचा. इथे हसू आहे ते सभ्यतेच्या अतिरेकाला. तेओदोरो पुरुष आहे, प्रतिष्ठित आहे, समाजाने मान्य केलेला आदर्श नवरा आहे. चित्रपट त्याला दुष्ट ठरवत नाही, त्याचा चांगुलपणा शेवटपर्यंत जपतो. फक्त एवढेच सांगतो की बायकोची इच्छा ही वेळापत्रकातली नोंद नव्हे. शिस्तीचा आणि सदाचाराचा जप करणाऱ्या लष्करी राजवटीत हा विनोद बिनविषारी नव्हता. तो आजही टिकतो.

दुसरा विनोद नग्न भुताचा. सर्वांसमोर नागडा माणूस फिरतो आहे आणि सगळे गंभीर चेहऱ्याने वावरत आहेत. इथे उघडा पडतो तो वादिन्यो नव्हे, तर भोवतालची प्रतिष्ठा. शिवाय एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या कामुक विनोदी चित्रपटांत कॅमेरा बहुधा पुरुषाच्या नजरेने बाईला न्याहाळत असे. इथेही सोनिया ब्रागाच्या बाबतीत तो ते करतोच. पण भुताच्या प्रसंगांत पाहणारी एकटी फ्लोर आहे आणि दिसणारा पुरुष आहे. इच्छा तिची, नजर तिची. एवढ्यापुरता चित्रपट आपल्या बाजाराच्या पुढे गेला.

तिसरा विनोद वादिन्योच्या लाघवीपणाचा, आणि खरी अडचण इथे आहे. मारहाणीचा प्रसंग चित्रपट विनोद म्हणून दाखवत नाही. तिथे प्रेक्षक गप्प होतो. पण नंतर त्याच्या गोड बोलण्याने, गाण्याबजावण्याने, शय्येतल्या कौशल्याने तो प्रसंग भरून काढला जातो. जणू हिशेबाच्या वहीत एका बाजूला मार, दुसऱ्या बाजूला सुख, आणि खाते बरोबर. ‘मारतो, पण प्रेमही करतो’ हे वाक्य जगातल्या किती घरांत बोलले जाते, हे तुम्हाला सांगायला नको. चित्रपट या वाक्याला गोड चेहरा देतो. माझ्या मते हा त्याचा दोष आहे, आणि त्याच्या लोकप्रियतेमुळे तो लहान होत नाही.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. परत आलेला वादिन्यो जिवंत असतानाचा वादिन्यो नाही. भूत झाल्यावर तो कायद्याने कोणाचाच नवरा नाही, घराचा कर्ता नाही. आपल्याला ठेवून घ्यायचे की घालवायचे, हे आता फ्लोरच्या हातात आहे. म्हणजे या पुरुषातला आनंद घ्यायचा तर आधी त्याची सत्ता मरावी लागते, असेही या कथेतून वाचता येते. दिग्दर्शकाला हे जाणूनबुजून सांगायचे होते असे मी म्हणत नाही. पण चित्रपटात जे आहे, ते वाचण्याचा अधिकार आपला आहे.

शेवटही असाच दुहेरी. त्या काळच्या पोर्नोशांशादांत सगळा धुडगूस घालून झाल्यावर बहुतेकदा नायक लग्नाच्या मांडवात पोहोचे आणि प्रस्थापित घडी पुन्हा बसे. बायकांना आणि समलिंगी पुरुषांना केलेली टिंगल मात्र तशीच राहून जाई. नीतिरक्षकांना धक्का दिल्यासारखे करून हे चित्रपट त्यांचेच म्हणणे खरे करीत. फ्लोरला मात्र शिक्षा होत नाही, पश्चात्ताप होत नाही आणि निवडही करावी लागत नाही.

५. ‘त्या काळी सगळ्यांना तसेच वाटे’ हे खरे आहे का?

इतिहासाच्या दृष्टीने हे विधान चूक आहे. कोणत्याही काळाचे एकच मत नसते. ज्यांचे मत छापले गेले आणि टिकले, त्यांना आपण ‘काळ’ म्हणतो.

१९७५ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी ब्राझीलमध्ये ‘ब्राझील मुल्येर’ हे स्त्रीवादी वृत्तपत्र सुरू झाले, १९७६ मध्ये ‘नोस मुल्येरेस’ आले. म्हणजे चित्रपटाला गर्दी होत होती तेव्हा नवऱ्याच्या हातावर, घरकामावर आणि स्त्रीच्या इच्छेवर जाहीर लिहिणाऱ्या बायका त्याच देशात होत्या, आणि लष्करी राजवटीत ते धाडस होते.

याच काळातली एक घटना लक्षात ठेवा. चित्रपट प्रदर्शित होऊन महिना-सव्वा महिना झाला असताना, ३० डिसेंबर १९७६ रोजी, बूझिओस या समुद्रकिनारी गावात आंजेला दिनिस या महिलेचा तिच्या जोडीदाराने गोळ्या घालून खून केला. १९७९ च्या खटल्यात बचावपक्षाने ‘सन्मानाचे रक्षण’ हा मुद्दा पुढे केला आणि मृत स्त्रीच्याच चारित्र्यावर चिखल उडवला. आरोपीला दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. तो मोकळा घरी गेला. यावर देशातल्या स्त्रियांनी ‘जो प्रेम करतो, तो मारत नाही’ या अर्थाची घोषणा देत आंदोलन केले. १९८१ मध्ये पुन्हा खटला चालला आणि १५ वर्षांची शिक्षा झाली. तरी ‘सन्मानाचे रक्षण’ हा बचाव घटनाबाह्य असल्याचा अंतिम निकाल ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२३ मध्ये.

हा खून चित्रपटामुळे झाला, असा अर्थ कृपया काढू नका. तो निष्कर्ष बेजबाबदार ठरेल. मला एवढेच दाखवायचे आहे की ती घोषणा आणि वादिन्योची कथा एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही त्याच दशकातली आहेत. म्हणून वादिन्योच्या हाताबद्दल आज प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी ‘आजचे निकष भूतकाळावर लादत’ नाही. ती त्या काळातल्याच एका बाजूने बोलते आहे.

६. समारोप

मग माझे उत्तर काय? प्रतिष्ठेवरचे हसू मी मोकळेपणाने हसतो. फ्लोरने कोणाची परवानगी न मागता आपले समाधान शोधले, याचेही मला कौतुक वाटते. पण वादिन्योच्या लाघवीपणाला मिळणारे हसू तोंडावर आले की मी आता थांबतो आणि त्याचे काय करायचे ते ठरवतो. एकाच चित्रपटाबद्दल या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकूण गुण देऊन उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्याची सवय आपल्याला परीक्षांनी लावली आहे. इतिहासात ती सोडावी लागते.

जुने चावट चित्रपट फेकूनही देऊ नयेत. २०१७ मध्ये फर्नांदा पेसोआ या दिग्दर्शिकेने १९७० च्या दशकातल्या अशाच चित्रपटांचे तुकडे जोडून एक माहितीपट केला आणि त्यातून लष्करी राजवटीचा काळ उलगडून दाखवला. हिंसा, पैशाची हाव, स्त्रीचे बदलते स्थान असे गंभीर चित्रपटांना सेन्सॉरमुळे जे उघड बोलता येत नव्हते, ते या हलक्या समजल्या गेलेल्या चित्रपटांच्या कोपऱ्यांत पडून होते. ते शोधायला न लाजता, आणि न भाळता, पाहणारा डोळा लागतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी दुसऱ्या तासाला सांगितले, “आपण हसलो ते चूक नव्हते. हसून झाल्यावर तू विचारलेस, ते आम्ही बाकीच्यांनी करायला हवे होते.”

स्वाध्याय

१. कथेचा काळ, निर्मितीचा काळ आणि आपला काळ वेगळे केल्यामुळे ‘दोना फ्लोर’मधील पैसे हिसकावण्याच्या प्रसंगाचा अर्थ कसा बदलतो? तुमच्या शब्दांत लिहा.

२. घटस्फोटाची सोय नसणे आणि भुताचे परत येणे यांचा संबंध स्पष्ट करा.

३. देशी चित्रपटांना ठरावीक दिवस राखून ठेवण्याच्या कायद्याचा पोर्नोशांशादा या प्रकाराशी काय संबंध आहे?

४. तुमच्या मातृभाषेतला, तुमच्या आईवडिलांच्या तरुणपणीचा एक विनोदी चित्रपट घरच्यांसोबत पाहा. त्यातले तीन विनोद निवडा आणि प्रत्येकाबद्दल ‘कोण हसते, कोणाला हसते, सत्ता कोणाकडे’ हे तीन प्रश्न विचारा. घरातल्या स्त्रियांची उत्तरे पुरुषांच्या उत्तरांपेक्षा वेगळी आली का, ते नोंदवा.